तबकडी शाबूत आहे, प्लेअर कुठाय?

लेझरडिस्क डिजिटल नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण लेझर आणि चकचकीत तबकडी हे दोन शब्द शेजारी आले की आपलं डोकं आपोआप शून्य-एकच्या भाषेकडे वळतं. सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे ही सगळी भावंडं डिजिटल. त्यांची थोरली बहीण मात्र चित्राच्या बाबतीत शेवटपर्यंत ॲनालॉगच राहिली. पुढे तिच्यात डिजिटल आवाजाची भर पडली, पण चित्र बदललं नाही.

माझ्याकडे अशा दोन तबकड्या आहेत. प्लेअर नाही. एका ओळखीच्या घरी जपानहून परतलेलं सामान निघालं, त्यात त्या होत्या, आणि 'ही एलपी गंजली वाटतं' म्हणून कोणीतरी बाजूला ठेवल्या होत्या. चूक नव्हती त्यांची. आकार थेट एलपीचा, ३० सेंटिमीटर. दोन पातळ ॲक्रिलिकच्या चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या, आत ॲल्युमिनियमचा थर. त्यामुळे हातात घेतली की वजन जाणवतं.

त्यातली एक तबकडी उजेडात तिरकी धरली, की मधल्या भोकाजवळून कडेपर्यंत गेलेले दोन फिकट पट्टे दिसतात, एकमेकांच्या बरोबर समोरासमोर. ते ओरखडे नाहीत. या प्रकारच्या तबकडीत एका फेरीत बरोबर एक चित्र, म्हणजे एक फ्रेम बसते. अमेरिका-जपानच्या पद्धतीत मिनिटाला १८०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. जुना टीव्ही प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवायचा. आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. दोन हप्त्यांच्या मधे पडद्यावरचा किरण तळातून परत वर जायचा, आणि तेवढा वेळ चित्र नसायचं. ही रिकामी जागा प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी येते. एका बाजूवर ५४ हजार फेऱ्या. त्या सगळ्या रिकाम्या जागा एकाखाली एक रांगेत बसल्या, म्हणून पट्टा. सिनेमाच्या दोन चित्रांमधली फट नुसत्या डोळ्यांनी दिसते असं दुसरं कुठलं माध्यम मला माहीत नाही. फिल्मची रीळ आहे म्हणा, पण तिथे मधली फट कोणी बघत नाही.

आता खड्डे. सीडीवर जसे सूक्ष्म खड्डे असतात तसेच इथेही असतात. फरक असा, की सीडीवरच्या खड्ड्यांची लांबी ठरलेल्या मोजक्या मापांतलीच असते. लेझरडिस्कवर तसं बंधन नाही. खड्डा किती लांब आणि पुढचा किती अंतरावर, हे सलग बदलत जातं. लेझर त्यावरून सरकतो तेव्हा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, आणि हे कमी-जास्त होणं किती वेगानं घडतंय त्यातून चित्राचा उजळपणा ठरतो. काळ्याच्या आसपास असेल तर सेकंदाला साधारण ८१ लाख वेळा, शुभ्र पांढऱ्याला ९३ लाख वेळा. एफएम रेडिओचंच तत्त्व. रेडिओच्या लहरी प्लास्टिकवर कोरून ठेवल्या आहेत असं समजा, चालेल. आवाजाची लहर याच्यावरच स्वार होऊन येते, तिची गती बरीच कमी. हे सगळं लक्षात असू द्या, कारण शेवटी याच गोष्टीनं हौशी मंडळींना वाट दाखवली.

इतिहासाचा पहिला भाग भरभर सांगतो. डेव्हिड पॉल ग्रेग या अमेरिकन अभियंत्याला प्रकाशानं वाचायच्या व्हिडिओ तबकडीची कल्पना १९५८ मध्ये सुचली. पेटंट एमसीए या हॉलिवूडच्या बड्या कंपनीकडे गेलं, कारण तिच्याकडे सिनेमांचा साठा होता. तिकडे हॉलंडमध्ये फिलिप्सची माणसं याच वाटेवर होती. दोघं एकत्र आले आणि डिसेंबर १९७८ मध्ये अटलांटा शहरात पहिले प्लेअर विकायला ठेवले. पहिल्या सिनेमांत 'जॉज' होता. त्या प्लेअरमधला लेझर म्हणजे हेलियम-निऑन वायूनं भरलेली काचेची नळी, लाल उजेड फेकणारी. प्रयोगशाळेत असते तशी. ती दिवाणखान्यात टीव्हीखाली आणून ठेवली होती.

चित्र व्हिडिओ कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. तरी कॅसेट जिंकली. लोकांना टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करून ठेवायचा होता, आणि तबकडीवर काही रेकॉर्ड करता येत नव्हतं. शिवाय एका बाजूला जास्तीत जास्त तासभर, आणि वर सांगितलेल्या उत्तम प्रकारात फक्त अर्धा तास. दोन तासांच्या सिनेमाला तीनदा उठायचं. एमसीएनं काही वर्षांत अंग काढून घेतलं आणि जपानच्या पायोनियर कंपनीनं हे मूल सांभाळलं. जपानमध्ये ते चांगलं वाढलं. १९८२ पासून कराओकेच्या दुकानांत, पुढे घरांतही. साधारण दहातल्या एका जपानी घरात लेझरडिस्क प्लेअर होता. अमेरिकेत पन्नासातल्या एका. २००१ पर्यंत सिनेमे यायचे थांबले आणि जानेवारी २००९ मध्ये पायोनियरनं प्लेअर बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे ही तबकडी घरोघरी कधी आलीच नाही. आपण व्हिडिओ कॅसेटवरून थेट व्हीसीडीवर उडी मारली. एका सीडीत ७४ मिनिटं, म्हणून सिनेमा दोन-तीन सीड्यांत, आणि नेमका ऐन रंगात आलेला असताना उठून दुसरी घालायची. तो उठण्याचा व्यायाम लेझरडिस्कवाल्यांनी आपल्या आधी वीस वर्षं केला होता.

पण या तोट्यातल्या धंद्यातून एक वेगळीच गोष्ट निघाली. अर्ध्या तासाच्या तबकडीत एका फेरीला एक चित्र असल्यामुळे लेझर एकाच फेरीवर घोळवत ठेवला, की पडद्यावर चित्र थांबतं. न थरथरता, हवं तितका वेळ. कॅसेट थांबवली की रेषांचा पाऊस पडायचा. आणि फार वेळ थांबवली तर टेप झिजायची. इथे घासणारं काहीच नाही. प्रत्येक चित्राला क्रमांक. रिमोटवर २३४१८ दाबा, तेच चित्र समोर. सिनेमा शिकणाऱ्यांना हे म्हणजे घबाड होतं. १९८४ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीनं 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' काढले. 'किंग काँग'च्या दुसऱ्या ध्वनिमार्गिकेवर रोनाल्ड हेव्हर हा सिनेमाचा अभ्यासक सिनेमा चालू असताना त्याबद्दल बोलत राहतो. डीव्हीडीवर 'कॉमेंटरी' म्हणून जे यायचं, आणि आता यूट्यूबवर जे हजारो लोक करतात, त्याचं मूळ इथे. मला हा शोध लेझरपेक्षाही मोलाचा वाटतो: सिनेमा बघता बघता कोणीतरी जाणतं माणूस शेजारी बसून बोलतंय.

आणि काही सिनेमांचं तर नीट रूप फक्त इथेच उरलं. जॉर्ज लुकासनं 'स्टार वॉर्स'ची पहिली त्रयी १९९७ मध्ये नव्यानं काढताना त्यात बदल केले, आणि पुढे तेच रूप खरं मानलं. मूळ रूप २००६ मध्ये डीव्हीडीच्या जोडीला बोनस म्हणून दिलं, तेव्हा ते १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरूनच घेतलेलं होतं.

सिनेमा सोडा. ५४ हजार क्रमांकित चित्रं एका बाजूला, हव्या त्या चित्रावर काही सेकंदांत जाता येतं. हा सिनेमा नव्हे, हा अल्बम झाला. संग्रहालयांना आणि शाळांना त्याचं आकर्षण वाटणं साहजिकच होतं. त्यातला सगळ्यात मोठा अल्बम ब्रिटनमध्ये तयार झाला.

१०८५ च्या नाताळात इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजानं ग्लॉस्टर इथे हुकूम काढला: कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती पाणचक्क्या, किती कुळं, सगळं लिहून काढा. वर्षभरात नोंद तयार झाली. लोक तिला 'डूम्सडे बुक' म्हणू लागले, कारण अंतिम निवाड्याच्या दिवसासारखं तिच्यावर अपील नव्हतं. चर्मपत्रावरची ती नोंद आजही लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

१९८६ मध्ये तिला ९०० वर्षं होणार होती. बीबीसीनं ठरवलं, या वेळी नोंद राजानं करायची नाही, लोकांनी करायची. देशाचे चार किलोमीटर रुंद, तीन किलोमीटर उंच असे चौकोन पाडले आणि बरेचसे शाळांना वाटून दिले. प्रत्येक चौकोनासाठी तीन फोटो आणि काही पानं मजकूर. मुलांनी आपलं गाव लिहिलं: दुकानं, शेतं, बसगाड्या, सुट्टीत काय करतो, घरी काय खातो. मजकूर शाळेतल्या कॉम्प्युटरवर टाइप झाला. दहा लाखांहून जास्त लोकांचा हात लागला. जमलेलं सगळं दोन लेझरडिस्कवर गेलं: एक लोकांची, एक देशाची. लोकांच्या तबकडीवर १,४७,८१९ पानं मजकूर आणि २३,२२५ हौशी फोटो. देशाच्या तबकडीवर १९८१ ची जनगणना, आकडेवारी, चित्रफिती.

नकाशे आणि फोटो वर सांगितलेल्या पद्धतीनं ॲनालॉग चित्रं म्हणून. मजकूर आणि आकडे मात्र डिजिटल, ध्वनीच्या जागेत कोंबलेले, एका बाजूला सुमारे ३०० मेगाबाइट. तुमच्या फोनमध्ये एखादं ॲप तेवढी जागा खातं. १९८६ मध्ये मात्र शाळेतल्या फ्लॉपीत शेकडो किलोबाइट मावायचे. नकाशावरून गावात उतरायचं, गावातून फोटोत, फोटोतून मजकुरात. वेब जन्माला यायला अजून काही वर्षं होती.

हे बघायला काय लागायचं? फिलिप्सचा व्हीपी४१५ हा खास प्लेअर, कारण साध्या प्लेअरला त्यातला डिजिटल भाग वाचता येत नव्हता. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मास्टर कॉम्प्युटर, तोही जादा भाग बसवलेला. फिरत्या गोळ्याचा माउस. सगळं मिळून सुमारे पाच हजार पौंड. ज्या मुलांनी लिहिलं त्यांच्यापैकी फार थोड्या शाळांना हे परवडलं. म्हणजे बहुतेकांनी आपलंच लिहिलेलं कधी पाहिलं नाही. या गोष्टीत मला सर्वांत जास्त खुपणारं हेच आहे, आणि गंमत म्हणून ती सांगितली जाते तेव्हा नेमकं हेच गळून जातं.

गंमत अशी: मार्च २००२ मध्ये लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' वर्तमानपत्रानं बातमी दिली की ९०० वर्षांचं डूम्सडे बुक वाचता येतंय, पण १५ वर्षांची तबकडी वाचता येत नाहीये. तेव्हापासून डिजिटल साठवणुकीवरच्या भाषणांत ही बातमी येतेच. कागद बरा, कॉम्प्युटर खोटा. ऐकणारे हसतात.

मला ही तुलना अर्धवट वाटते. मूळ डूम्सडे बुक तुमच्या-माझ्या हातात दिलं तर काय वाचणार? ते लॅटिनमध्ये आहे, आणि लॅटिनही आखूड केलेलं. शब्दाचे तुकडे, वर खुणा. ते वाचायलाही 'प्लेअर' लागतो, फक्त तो माणूस असतो. मध्ययुगीन लिपी शिकलेला, कोणाकडून तरी शिकलेला, आणखी कोणाला तरी शिकवणारा. ही साखळी तुटली नाही म्हणून पुस्तक वाचता येतं. शिवाय प्रती होत राहिल्या. १७८३ मध्ये ते छापलं गेलं, तेव्हा त्या आखूड खुणा जशाच्या तशा याव्यात म्हणून खास खिळे ओतून घेतले होते. चर्मपत्राचा टिकाऊपणा या सगळ्यानंतर येतो.

पुण्यात पेशवे दफ्तरात गेलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. रुमालांत बांधलेले कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. मोडी वाचणारे किती? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवली जाणारी लिपी. आपल्या पणजोबांचं पत्र आपल्याला वाचता येत नाही, आणि त्यात कुठल्याही लेझरचा दोष नाही.

आणि कपाटातली लग्नाची सीडी? मामा-मावशीच्या लग्नात फोटोग्राफरनं दिलेली, वर दोघांचा फोटो छापलेली. ती बहुधा अजून चालेल. ती घालायची कशात, हे घरात एकदा विचारून बघा.

तर, डूम्सडेची तबकडी वाचवली गेली, एकदा नव्हे, बऱ्याचदा. लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या चमूनं त्याच २००२ मध्ये जुन्या कॉम्प्युटरचं सोंग वठवणारं सॉफ्टवेअर लिहून ती नव्या यंत्रावर चालवून दाखवली. बीबीसीकडे चित्रांच्या मूळ मास्टर टेप होत्या, त्यांवरूनही नवी प्रत निघाली. २०११ मध्ये बीबीसीनं लोकांची तबकडी थेट वेबवर आणली. मोठी झालेली ती मुलं अखेर आपलं पान बघू शकली. २०१८ मध्ये ती वेबसाइट बंद झाली. तिची प्रत राष्ट्रीय अभिलेखागारानं जपून ठेवली आहे, पण हिशेब करा: तबकडी पंधरा वर्षांत म्हातारी झाली म्हणून लोक हसले, आणि वेबवरचा तिचा अवतार सातच वर्षं चालला.

इथे हौशी लोक येतात.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आतापर्यंतच्या बचावात एकतर तबकडी सोडून टेप वापरल्या, नाहीतर प्लेअरनं जे चित्र बाहेर दिलं ते घेतलं. पण प्लेअर हा दुभाष्या आहे. तबकडीवरची ती लाखोंची थरथर तो वाचतो, त्याचं चित्र बनवतो, आणि हे करताना १९८० च्या दशकातल्या स्वस्त सर्किटाला जेवढं जमतं तेवढंच करतो. बाकीचं फेकून देतो. मग दुभाष्याला मधून काढायचं. लेझर जो कच्चा सिग्नल वाचतो तो प्लेअरच्या पोटातूनच, चित्र बनायच्या आधी, तार जोडून बाहेर काढायचा आणि जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवायचा. चित्र काय बनवायचं ते नंतर आजच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर ठरवेल.

त्यासाठी त्यांनी 'डूम्सडे डुप्लिकेटर' नावाचा छोटा सर्किट बोर्ड बनवला. सेकंदाला चार कोटी वेळा सिग्नल मोजतो आणि यूएसबीनं कॉम्प्युटरला देतो. आराखडा सगळ्यांना खुला, सॉफ्टवेअरही खुलं. नाव डूम्सडेचं असलं तरी कुठलीही लेझरडिस्क चालते, म्हणून जगभरचे संग्राहक आपापल्या दुर्मीळ सिनेमांच्या तबकड्या घेऊन त्यात उतरले.

यातली मला सर्वांत आवडलेली करामत अशी. तबकड्या कुजतात. दोन चकत्यांमधल्या गोंदातून, ॲक्रिलिकनं शोषलेल्या ओलाव्यातून ॲल्युमिनियमपर्यंत हवा पोचते आणि ते गंजतं. चित्रात रंगीत ठिपक्यांचा गुलाल उडायला लागतो. याला इलाज नाही; गंजलेलं परत चकाकत नाही. पण एकाच सिनेमाच्या पाच तबकड्या पाच माणसांकडे असतील, तर प्रत्येकीची दुखणी वेगळ्या जागी असतात. पाचही कच्चे सिग्नल घ्यायचे, चित्रागणिक, ओळीगणिक एकमेकांवर ठेवायचे. एकीत जिथे भोक आहे तिथे बाकी चौघींची साक्ष घ्यायची. पाच खराब प्रतींतून अशी एक चांगली प्रत निघते, जी त्या पाचांपैकी कोणाकडेच नव्हती. जुन्या पोथ्यांची संशोधित आवृत्ती काढणारे हेच करत आले आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच, निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या ओळीओळीनं ताडून झाली. म्हणून कोणाकडे एकाच सिनेमाच्या चार-चार तबकड्या दिसल्या तर ते वेडाचं लक्षण समजू नका.

हे सारं चालतं ते जुन्या प्लेअरच्या जिवावर. रबरी पट्टे चिकट लगदा होतात, वंगण घट्ट होतं, कपॅसिटर गळतात. ते बदलता येतात. लेझरचा भाग मात्र आता कोणी बनवत नाही. तो गेला की दुसऱ्या मेलेल्या प्लेअरमधून काढायचा. त्यामुळे कामाचा क्रम उलटा झाला आहे. आधी चांगलं सॉफ्टवेअर आणि मग तबकड्या, असं नाही. लेझर जळताहेत तोवर सिग्नल उतरवून घ्या, चित्र पुढच्यांनी बनवावं. कच्चा सिग्नल असा, की दहा वर्षांनी कोणी जास्त हुशार सॉफ्टवेअर लिहिलं तर त्याच फाइलमधून जास्त चांगलं चित्र निघेल.

जागा भरपूर लागते. सेकंदाला चार कोटी मोजमापं, प्रत्येक दहा बिटांचं, म्हणजे ५० मेगाबाइट. ब्रिटनच्या पद्धतीत तबकडी मिनिटाला १५०० फेऱ्या घेते, म्हणून तीच ५४ हजार चित्रं ३६ मिनिटं चालतात. एका बाजूचे झाले १०८ गिगाबाइट. ते आकसायला गाण्यांसाठी बनवलेलं फ्लॅक वापरतात, तरी हार्ड डिस्क भरतातच. मुलांनी लिहिलेला मजकूर आणि आकडे मिळून त्यातले ३०० मेगाबाइट. उरलेला सगळा त्या तबकडीचा आवाज आहे: फोटो, नकाशे, गंज, खरखर, आणि दोन चित्रांमधल्या त्या रिकाम्या फटीसुद्धा.